राजवाड्यात हसू नये?

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ माझ्या घरी आले होते. मराठी वाङ्मयात त्यांच्या शब्दाला वजन आहे. परिसंवादात त्यांचे भाषण नेहमी शेवटी ठेवतात. म्हणजे मंडळी मध्येच उठून जात नाहीत, असा संयोजकांचा समज असतो. चहा येईपर्यंत त्यांनी सवयीप्रमाणे माझ्या टेबलावरची पुस्तके चाळायला घेतली. सर्वांत वर होते एस. जे. बेनेट या इंग्रज लेखिकेचे ‘द विंडसर नॉट’. त्यांनी मलपृष्ठ वाचले. ब्रिटनची एलिझाबेथ राणी, वय वर्षे नव्वद, आपल्याच किल्ल्यात सापडलेल्या प्रेताचा छडा लावते, असा काहीसा मजकूर तिथे होता. मांजराने आणून टाकलेला उंदीर उचलावा तसे ते पुस्तक दोन बोटांत धरून त्यांनी बाजूला ठेवले आणि म्हणाले, “काय हो, तुम्हीसुद्धा?”

मी ओशाळून म्हणालो, “रात्री झोप येत नाही, म्हणून आपले काहीतरी.”

ही शुद्ध लबाडी होती. मला झोप उत्तम येते. उलट त्या पुस्तकाने माझी एक सबंध रात्र खाल्ली होती, आणि पहाटे दोन वाजता मी अंथरुणात एकटाच हसतो आहे हे पाहून घरची माणसे काळजीत पडली होती. मग मी खोटे का बोललो? पाहुणे गेल्यावर हा प्रश्न मला छळू लागला. तेव्हा हा लेख त्या गृहस्थांना उत्तर म्हणून आहे, आणि थोडासा माझ्या लबाडीचे प्रायश्चित्त म्हणूनही.

त्यांचे म्हणणे आधी सरळपणे सांगतो. खून ही करमणुकीची बाब नव्हे, असे ते म्हणाले. राजवाड्यातला खून तर नव्हेच. आणि ज्या मुकुटाने नव्वद वर्षे आपल्यावर राज्य केले, त्या मुकुटाच्या घरातल्या गमतीजमती मिटक्या मारीत वाचणे म्हणजे गुलामीची खोड अजून हाडातून गेली नाही याचाच पुरावा. चहा संपला तेव्हा ते एवढ्यावर आले होते. बशीतली चकली मात्र त्यांनी शांतपणे संपवली.

पहिल्या आक्षेपावर मी फार शाई खर्च करीत नाही. हेच गृहस्थ लहानपणी बाबुराव अर्नाळकरांचा ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ गणिताच्या वहीत लपवून वाचत असत, हे त्यांनीच मला एकदा प्रेमाने सांगितले आहे. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांतल्या प्रेतांची मोजदाद करायला म्युनिसिपालिटीचे जन्ममृत्यूचे खातेही पुरणार नाही. पण त्या वाचून कोणी सुरा उचलल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

खरा वाद राजवाड्याचा आहे. तेव्हा ही पुस्तके असतात तरी कशी, ते आधी पाहू.

इंग्रजीत या प्रकाराला ‘कोझी’ म्हणतात. चहाच्या किटलीवर घालायच्या लोकरी टोपड्यालाही हाच शब्द आहे, आणि तो चपखल बसतो. रक्त पडद्याआड सांडते, गुन्हेगार बहुधा ओळखीतलाच निघतो आणि मधल्या वेळात पुष्कळ चहा होतो. ‘द विंडसर नॉट’ २०२० साली निघाले. कथेचा काळ २०१६चा, राणीच्या नव्वदीचा. किल्ल्यावर पाहुण्यांची मेजवानी होते, पाहुणे रात्री मुक्कामाला राहतात आणि सकाळी एक तरुण रशियन पियानोवादक आपल्या खोलीतल्या कपाटात मेलेला सापडतो. गुप्तहेरखात्याच्या प्रमुखाला यात मॉस्कोचा हात दिसतो, आणि तो राणीच्या जुन्या नोकरचाकरांवर संशय घेऊ लागतो. राणीला हे खुळचट वाटते. पण तिला तसे म्हणता येत नाही.

सगळा विनोद या ‘म्हणता येत नाही’ मध्ये आहे. इंग्लंडात फौजदारी खटला राजाच्या नावाने चालतो. म्हणजे त्या प्रेताच्या प्रकरणात फिर्यादी कायद्याने ही म्हातारीच. पण तिने जमादारासारखे कोणाला ‘काल रात्री तू कुठे होतास?’ असे विचारले, तर राज्यघटनेला घाम फुटेल! मंत्र्यांचे ऐकून घ्यावे, त्यांना धीर द्यावा, फार तर सावध करावे, एवढेच तिच्या हाती. त्यामुळे तिला आपल्या हाताखालच्या रोझी ओशोडी या नायजेरियन वंशाच्या बाईला गुपचूप इकडेतिकडे धाडावे लागते. ही रोझी पूर्वी घोडदळी तोफखान्यात अधिकारी होती. आणि शेवटी उत्तर हाती आले की ते राणीने स्वतः सांगायचे नाही. त्या बड्या बड्या पुरुषांपुढे सुगावे असे पसरून ठेवायचे, की त्यांना वाटावे, आपणच शोधून काढले. मग त्यांचे अभिनंदन करायचे.

हे वाचताना मला विंडसर दिसले नाही. मला आमच्या वाड्यातले माजघर दिसले. आजोबांच्या काळात आमच्या कोठीतल्या तांदळाला पाय फुटले होते. कोण नेतो हे आजीला तिसऱ्या दिवशी कळले होते. पण घरात शोध लावण्याचा अधिकार आजोबांचा. म्हणून आजीने आठ दिवस खपून अशी व्यवस्था केली, की आजोबा बरोबर त्या वेळी, बरोबर त्या दाराशी, चंची विसरली म्हणून परत यावेत. चोर सापडला. आजोबा पुढे वीस वर्षे ती हकीगत पाहुण्यांना सांगत आणि आजी पंख्याने वारा घालीत ऐकत असे. ज्यांनी अशी आजी पाहिली आहे, त्यांना बेनेटबाईंची राणी परकी वाटायचे कारण नाही.

आता गुलामीच्या आरोपाकडे येतो. दरबारी वाङ्मय कोणते? ज्यात राजा मोठा दिसतो ते. ज्यात तो घराएवढा लहान होतो, त्याला दरबारी कसे म्हणावे? या प्रकारातल्या पुस्तकांत राजवाडा म्हणजे गळके नळ, कुत्री, रुसलेले बटलर आणि कोणी कोणत्या जिन्याने जायचे याची भांडणे. त्याच मालिकेतल्या २०२१च्या ‘अ थ्री डॉग प्रॉब्लेम’ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या पोहण्याच्या तलावापाशी एक जुनी नोकराणी मरून पडते. पण राणीच्या मनाला लागून राहिलेली गोष्ट निराळी असते. तिच्या शयनगृहाबाहेर टांगलेले एक बोटीचे लहानसे चित्र तिला न विचारता कोणीतरी नेलेले असते, आणि ते तिला भलत्याच ठिकाणी, एका प्रदर्शनात दिसते. एवढ्या मोठ्या घराची मालकीण, आणि भिंतीवरचे चित्र कोण काढून नेतो हे तिला माहीत नाही! सी. सी. बेनिसन या कॅनडातल्या लेखकाच्या १९९६च्या कादंबरीत महाराणी चक्क एका सेवकाच्या प्रेताला अडखळते आणि तपास करते मोलकरीण. ऱ्हिस बोवेन यांच्या मालिकेतली, १९३० नंतरच्या काळातली जॉर्जी तर गादीच्या वारसांत चौतिसावी. पण खिशात दमडी नाही म्हणून चोरून लोकांची घरे झाडते. हे वाचून कोणाला मुजरा करावासा वाटत असेल, तर दोष पुस्तकाचा नाही, पाठीच्या कण्याचा आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत आवडतो तो पीटर लव्ह्सीचा बर्टी. १९८७ ते १९९३ या काळात लव्ह्सीने तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचा नायक व्हिक्टोरिया राणीचा थोरला मुलगा, पुढे सातवा एडवर्ड झाला तो. पहिल्या कादंबरीचा धागा अगदी खरा आहे. फ्रेड आर्चर नावाच्या नामांकित जॉकीने १८८६ साली स्वतःला गोळी घालून घेतली. ती का, याचा शोध युवराज करतो. युवराज स्वतःच कथा सांगतो, आणि आपण मोठे हुशार अन्वेषक आहोत याबद्दल त्याला तिळमात्र शंका नाही. वाचकाला मात्र तिसऱ्याच पानापासून कळते, की हा गृहस्थ जेवणे, शिकार आणि बायका यांतून वेळ मिळेल तेव्हा चुकीचे निष्कर्ष काढतो. लव्ह्सीने हे आकाशातून आणलेले नाही. खऱ्या युवराजाला १८९१ साली पत्त्यांच्या डावातल्या लबाडीच्या खटल्यात साक्षीदार म्हणून कोर्टात उभे राहावे लागले होते. ज्याच्या नावाने आपल्याकडे रस्ते आणि इस्पितळे झाली, त्याच्याबद्दल त्याच्याच देशातला लेखक असे लिहितो. आणि गुलाम मी, कारण मी ते वाचून हसलो!

बेनेटबाईंच्या पुस्तकांत दोष नाहीत असे नाही, आणि ते झाकण्याची मला गरज वाटत नाही. बटलर चुकतो, मंत्री चुकतो, गुप्तहेर तर चुकतोच चुकतो. राणी कधी चुकत नाही. हसू तिच्या पर्सपर्यंत येते आणि तिथे अदबीने थांबते. रोझी एवढी कर्तबगार, पण धावपळ तिची आणि बुद्धी धनिणीची, हा जुना हिशेब तिथेही सुटलेला नाही. हिऱ्यांचा उल्लेख आला की मला १८४९ साली दुलीपसिंगाच्या, म्हणजे एका अल्पवयीन पोराच्या हातून काढून घेतलेला कोहिनूर आठवतो, आणि तो त्या लोकरी टोपड्याखाली मावत नाही. २०२२च्या ८ सप्टेंबरला खरी राणी वारली, तरी कागदावरची राणी तपास करीतच आहे. २०२४च्या कादंबरीत ती १९५७ सालातली तरुण राणी झाली आहे. या भक्तीला मी नाही म्हणत नाही. पण या भक्तीवर टीका करण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, ते आता पाहू.

आपल्याकडे राजे कसे लिहिले जातात? रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ साली आली. मी ती दोनदा वाचली आहे, आणि दोन्ही वेळा रमाबाईपाशी माझे डोळे भरून आले. वाईट आहे असे कोण म्हणेल? पण त्या वाटेने मागून जी कादंबऱ्यांची वरात निघाली, तीत माणूस शोधावा लागतो. राजा शेला सावरतो, राजा सज्ज्यात उभा राहतो, राजाच्या मुखावर विषादाची छटा पसरते. त्याला कधी शिंक येत नाही. त्याच्या मुदपाकखान्यात तूप कोण पळवतो, हे लेखकाला माहीत नसते आणि वाचकाला विचारण्याची सोय नसते. १९७१ साली आपण संस्थानिकांचे तनखे बंद केले. कादंबरीतले तनखे अजून चालू आहेत.

आणि गंमत अशी, की हे आपले मूळचे वळण नव्हे. तमाशाच्या वगातला राजा पाहा. तो कधी शहाणा होता? कंबरेला लाकडी तलवार, डोक्याला जिगाचा मंदिल, आणि अक्कल सगळी हवालदाराकडे. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली आले, आणि त्या राज्यातल्या कोतवालीच्या भानगडीला महाराष्ट्र खदखदून हसला. रात्री कंदिलाच्या उजेडात, मांडी घालून बसलेल्या शेतकऱ्याला जो हक्क होता, तो खुर्चीत बसून छापील पुस्तक वाचणाऱ्या आपल्याला कधी, कोणी नाकारला? मला वाटते, कोणीच नाही. आपण शिकलो आणि तो आपणच सोडून दिला.

एकदा घ्यायचा प्रयत्न झाला. तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२च्या डिसेंबरात पुण्यात रंगमंचावर आले. नाना फडणीस नाचताना दिसला आणि पुण्याची पगडी हलली. एकोणीस प्रयोगांनंतर ज्या संस्थेने ते बसवले तिनेच ते थांबवले. ते पुढे चालावे म्हणून कलावंतांना वेगळी संस्था काढावी लागली. आणि नाना राजा नव्हता, हे लक्षात घ्या. राजाच्या कारभाऱ्यावर हसल्याचे हे फळ.

माझ्या पाहुण्यांनी इथे नारायणराव पेशव्याचे नाव काढले. “शनिवारवाड्यातल्या खुनावर विनोद कराल काय?” असे त्यांनी विचारले. नाही, करणार नाही. १७७३च्या ऑगस्टात चुलत्याच्या कमरेला मिठी मारून अठरा वर्षांचा पोर तोडला गेला. तिथे हसणारा माणूस नव्हे. त्या प्रकरणात रामशास्त्री उभे राहिले, चौकशी करून थेट राघोबाला दोषी म्हणाले. आमचा पहिला अन्वेषक तो, आणि त्याच्या वाट्याला विनोद आला नाही हे योग्यच झाले. १९२५ साली मलबार हिलवर बावलाचा खून झाला आणि पुढच्या वर्षी इंदूरच्या तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. त्यातही मला हसण्याजोगे काही दिसत नाही, कारण त्या मोटारीत जिवाच्या भीतीने पळालेली एक बाई होती. प्रत्येक प्रेताला टोपडे बसत नाही. कोणत्या बसते, हे ओळखणे हीच तर या लेखकांची कसोटी.

पण बडोद्याचे काय?

९ नोव्हेंबर १८७४. बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर सकाळी फिरून आले. नित्याप्रमाणे पपनसाचे सरबत तयार होते. दोन-तीन घोट घेतले, चव बरी लागेना, उरलेले ओतून टाकले, आणि पेल्याच्या तळाचा गाळ पाहून साहेब चमकले. तपासणीत निघाला सोमल. आणि त्याबरोबर हिऱ्याची पूड. हिऱ्याच्या पुडीने माणूस मरतो ही आपल्याकडची जुनी समजूत. मारायचे ते सोमलच मारतो. हिरा नुसता इभ्रतीसाठी. सामान्य माणसाला कोणी हिरे कुटून घालीत नाही! संशय खुद्द मल्हारराव गायकवाडांवर गेला. आणि या साहेबांना बडोद्यातून हलवा, अशी मागणी महाराजांनी त्याआधी काही दिवसच व्हाइसरॉयकडे केली होती. ज्याची बदली मागितली आहे, त्याला विष कशाला घालावे? की बदली होईल याचा भरवसा नव्हता म्हणून? दिवाणपदावर त्या वेळी कोण होते? दादाभाई नौरोजी! मुंबईहून पोलीस कमिशनर सूटर तपासाला आले. रेसिडेन्सीतले नोकर बोलू लागले, एक आया बोलू लागली, महाराजांचा खाजगी कारभारी दामोदरपंत माफीचा साक्षीदार झाला. बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले. चौकशीला सहाजण बसले, तीन इंग्रज आणि तीन आपले : ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि देवरुखचे दिनकरराव राजवाडे. तीन इंग्रजांना गुन्हा शाबीत दिसला. आपल्या तिघांना दिसला नाही. सरकारने काय केले? विषाचा प्रश्न तसाच ठेवला आणि गैरकारभाराबद्दल महाराजांना १८७५च्या एप्रिलात गादीवरून काढून मद्रासला पाठवले. मेला कोणीही नाही. म्हणजे टोपडे अगदी मापाचे.

लव्ह्सीसारख्या माणसाच्या हाती हे लागले असते, तर त्याने त्याचे काय केले असते! आणि आपण? आपल्याकडे हे प्रकरण इतिहासाच्या पुस्तकात परिशिष्ट होऊन पडले आहे. चौकशीचे कामकाज छापलेले आहे. साक्षी आहेत, उलटतपासण्या आहेत. एकाही मराठी लेखकाला त्या मुदपाकखान्यात आयेच्या मागोमाग जावेसे वाटू नये? राज्य कोणाचे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सरबत कोणी केले, एवढेच ठाऊक नाही.

मग ते काम बाहेरचे लोक करतात. अमेरिकेत राहणाऱ्या सुजाता मॅसी यांनी २०१९ साली ‘द सातापूर मूनस्टोन’ लिहिली. सह्याद्रीतले एक काल्पनिक संस्थान, कोल्हापूर एजन्सीच्या देखरेखीखालचे. पडद्यातल्या दोन राण्या, राजपुत्राच्या शिक्षणावरून सासूसुनेचे वितुष्ट, आणि मुंबईहून मेण्यात बसून, भर पावसात घाट चढणारी पारशी वकीलबाई परवीन मिस्त्री. हसू त्यात बेताचेच आहे. पण ही वकीलबाई ज्यांच्यावरून सुचली त्यांतल्या एक, कॉर्नेलिया सोराबजी, नाशिकला जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, ऑक्सफर्डला जाऊन कायदा शिकल्या आणि परत येऊन त्यांनी पडद्यातल्या बायकांच्या इस्टेटींचे तंटे पाहिले. नाशिक आमचे, पुणे आमचे, सह्याद्री आमचा, मेणाही आमचा. पुस्तक इंग्रजीत.

माझ्या पाहुण्यांनी हे सगळे ऐकले असते तर ते म्हणाले असते, की यालाच अभिरुचीचा ऱ्हास म्हणतात. म्हणोत. बडोद्याच्या त्या चौकशीची एक प्रत मी मिळवली आहे आणि दिवाळीनंतर ती एका तरुण लेखकाला देणार आहे. त्याला मराठी बरे येते आणि, अधिक महत्त्वाचे म्हणजे, त्याला हसू आवरत नाही. ते गृहस्थ पाडव्याला फराळाला येणार आहेत. या वेळी टेबलावर सर्वांत वर लव्ह्सीचा बर्टी ठेवला आहे, मलपृष्ठ वर करून. झोपेचा विषय मी काढणार नाही.